टिटवीभोवतीचे खडे

त्या उन्हाळ्यात आमच्या तलावाच्या काठावर तुम्हाला टरबूज कुणी कापून दिलं, आठवतं का?

पक्षी आठवत असतील. पळसावर माजलेल्या भोरड्या आणि पाण्यात काड्यांसारख्या पायांनी उभ्या शेकाट्या आठवत असतील, कारण त्या माझ्या लेखात होत्या आणि लेख हातात धरूनच तुम्ही आला होतात. मलकापूरहून आलात, बुलढाण्याहून आलात, एक मंडळी तर मोटार करून अकोल्याहून आली. बाभळीखाली सतरंजी टाकलीत. एका बाईने तुम्हाला मडक्यातलं पाणी दिलं, विळ्याने टरबूज कापून दिलं. तुम्ही ते खाल्लंत, बिया पाण्यात थुंकलात आणि एकमेकांना म्हणालात की काय शांतता आहे, माणसाचा वास नाही. ती बाई चार हातांवर उभी होती.

ती माझी आत्या.

मी हे रागाने लिहिते आहे. राग तुमच्यावर आहे, आणि तुमच्यापेक्षा माझ्यावर जास्त आहे. पण म्हणून तुम्ही सुटत नाही.

माझे वडील मलकापुरात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. मी लहान असतानाच घरातले देव निघाले आणि रिकाम्या कोनाड्यात पत्रकांची चवड आली. छापताना बिघडलेली, एका बाजूला शाई फुटलेली पत्रकं वडील घरी आणायचे. त्यांच्यावरच मी अक्षरं शिकले. इतर मुली कमळातला क शिकल्या, मी कूळकायद्यातला शिकले. संध्याकाळी वडील खाटेवर बसायचे आणि मी वाचायचे: सभा कुठे आहे, मागणी काय आहे, विहीर कुणाची आहे. एखादं पत्रक पोकळ वाटलं तर वडील ते घडी घालून चुलीजवळ ठेवायचे. ते म्हणायचे, "छापलेल्या कागदाले खोटं बोलाची सवय लागू देऊ नये, बाप्पा. लागली का मंग तो सुधरत नाही."

हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं होतं. ऐकून उपयोग काय झाला ते पुढे येईलच.

कॉलेजात गेले तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली होती. मराठीच्या सरांनी माझा पहिला निबंध दोन बोटांत धरून वर्गाला दाखवला आणि हे पत्रक आहे, निबंध नव्हे, असं सांगितलं. वर्ग हसला. तेव्हापासून मी 'पत्रकवाली' झाले. जिन्यात कुणी भेटलं की विचारायचं, काय पत्रकवाली, आज कुणाचा धिक्कार? मी उत्तर द्यायचे, तुझा. पण घरी येऊन रडायचे. मला धिक्कारच करायचा होता, हे खरं. पण तो सुंदर भाषेत करता येतो हे त्यांना दाखवायचं होतं, आणि त्या हट्टात धिक्कार कधी गळून पडला आणि सुंदर भाषा तेवढी उरली, ते कळलं नाही.

एका साप्ताहिकाच्या संपादकांकडे मी तीन लेख पाठवले. तिन्ही परत आले. चौथ्या वेळी मी स्वतः गेले. त्यांनी चहा मागवला, चष्मा पुसला आणि पाडव्याच्या विशेष अंकासाठी वसंतावर काहीतरी द्या म्हणाले. पाणी, पक्षी, फुलं. "फक्त मागण्या नकोत," ते म्हणाले. "एक पान तरी असं असू द्या, ज्यात कुणी काही मागत नाही."

मी हो म्हटलं.

आत्याचं गाव रोहिणखेडच्या बाजाराला जिथली माणसं पायी जातात त्या बाजूला आहे. गावाखाली तलाव बांधला तेव्हा आमच्या वस्तीची अकरा घरं आणि त्यांचे जमिनीचे तुकडे पाण्यात गेले. घरं वर टेकाडावर आली. जमीन वर आली नाही. पण तलावाचा काठ काही एका जागी राहत नाही. दिवाळीपासून पाणी मागे सरकतं आणि लोण्यासारखा काळा गाळ ठेवून जातं. त्या गाळात, पाण्याच्या मागे मागे जात पेरायचं. याला गाळपेर म्हणतात. वरच्या अंगाला हरभरा, त्याच्या खाली गहू, आणि माघात अगदी ओलाव्याशी टरबूज, वाळकं, काकड्या. अकरा घरांच्या अकरा पट्ट्या. धुरे-बांध घालून उपयोग नसतो, पावसाळ्यात सगळं पाण्याखाली जातं. म्हणून प्रत्येक घराची खूण वर टेकाडावर: कुणाचं लिंबाचं झाड, कुणाची शिळा. तिथून पाण्यापर्यंत नजरेने सरळ रेघ मारायची. आत्याची रेघ एका वाकड्या सावरीच्या झाडापासून निघायची. भांडण मी कधी पाहिलं नाही. ही वहिवाट तलावाच्या पहिल्या वर्षापासूनची, पण कागद कुणाकडे नव्हता. तलावावरचा चौकीदार मान हलवायचा, तोच कागद.

माघ संपता संपता मी आत्याकडे गेले आणि तिला म्हटलं, मला काठाने फिरव, मला लेख लिहायचा आहे. तिने डोक्यावर टोपली घेतली, हातात खुरपं घेतलं आणि निघाली. रिकाम्या हातांनी चालणं तिला येत नाही.

सकाळ गार होती, पण ऊन लागलं की चटका कळत होता. सांडव्याजवळून आम्ही उतरलो. पहिल्यांदा दिसले ते धोबी पक्षी, शेपट्या आपटत चिखलावर पळणारे. पुढे उथळ पाण्यात शेकाट्या. आणि त्यांच्यापलीकडे चक्रवाकांची जोडी, भाजलेल्या विटेच्या रंगाची, छाती काढून चालणारी. आत्या थांबली. "ते पाह्य कसं चालते," ती म्हणाली. "तपासणीले आल्यावानी." मी हसले आणि वहीत लिहिलं: राजसी चाल.

वर टेकाडाच्या उतारावर पळस पेटले होते. एकेका झाडावर शंभर शंभर भोरड्या, गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या, फुलांत चोची खुपसून कलकलाट करत होत्या. खाली फुलांचा सडा. आत्याने टोपली भरायला घेतली. होळीला रंग करायला गावात मागणी असते. धायटीच्या झुडपांवर लाल नळ्या फुटल्या होत्या, त्यातली एक तिने मला चोखायला दिली, मी पाच वर्षांची असल्यासारखी. मी तिला फुलांची नावं विचारत होते. तिला फुलांपेक्षा काटे जास्त माहीत होते. भुईरिंगणीचं जांभळं फूल दाखवलं तर म्हणाली, हिचा काटा पिकतो. पिवळ्या धोतऱ्याचं दाखवलं तर म्हणाली, ह्याचं बी मोहरीत मिसळलं तर माणूस सुजते. उंटकटारीचे निळसर गोळे मला फार आवडले होते. मी म्हटलं, आत्या, बघ तरी किती देखणे आहेत. ती म्हणाली, "फुलं नको सांगू मले. पायात फुलं नाही रुतत."

हे वाक्य मी वहीत लिहिलं होतं. लेखात घेतलं नाही.

आम्ही तिच्या पट्टीत आलो. टरबुजाच्या वेलींना चार-चार पानं आली होती. मी पाय टाकला आणि एक टिटवी डोक्यावर झेप घेऊन किंचाळायला लागली. पुन्हा वर गेली, पुन्हा झेपावली. आत्याने मान वर केली आणि शेजारणीशी बोलावं तसं तिला म्हणाली, "गप वं, घरचीच हाये."

वेलींच्या मधोमध एक जागा पेरलेली नव्हती. तिथे खड्यांचं एक कडं होतं, हातभर रुंद, पांढऱ्या खड्यांचं, एकाला एक लावून मांडलेलं. आत चार अंडी. गाळाच्या रंगाची, त्यावर काळे डाग. कडं नसतं तर माझा पाय त्यांच्यावरच पडला असता.

मी विचारलं, हे कुणी मांडलं? ती म्हणाली, कोण मांडणार? तिने मला रीत सांगितली. ज्याच्या पट्टीत टिटवी बसते त्याने वरून टेकाडावरून खडे आणायचे, कारण गाळात खडा सापडत नाही, आणि कडं करायचं. कड्याच्या आत पेरायचं नाही, निंदायचं नाही. कडं दिसलं की दुसऱ्याची शेळी, दुसऱ्याचं पोर आत येत नाही. मला वाटलं, दया. मी तसं म्हटलंही. ती हसली. दया कशाची? टिटवी परक्याला पाहून बोंबलते. कोल्हा आला, डुक्कर आलं, कुणी टरबुजाला हात घालायला आलं, की आधी ती ओरडणार. अंडी असेपर्यंत राखण फुकट. "तिचं घर आपून राखाचं, आपलं ते राखते," ती म्हणाली आणि एक खडा सरकला होता तो बोटाने जागेवर लावला.

मी तो हात पाहिला. बोटांच्या चिरांत काळा गाळ, अंगठ्याला पळसाच्या फुलाचा पिवळा डाग. मी उभी होते तिथून हातभर अंतरावर.

आता लेखातलं वाचा. अंक तुमच्याकडे असेलच, तुम्ही जपून ठेवला म्हणून पत्रं लिहिली होतीत. मी लिहिलं होतं: "या निर्जन काठावर माणसाचं पाऊल उमटत नाही. टिटवीने आपल्या अंड्यांभोवती स्वतःच शुभ्र खड्यांचं कडं मांडलं आहे. जणू मातीने मातीसाठी घातलेली रांगोळी."

लिहिताना मला सगळं माहीत होतं. विसरले असते तर गोष्ट वेगळी होती. पहिल्या कच्च्या कागदावर आत्या होती, टोपली होती, अकरा पट्ट्या होत्या. मग मी संपादकांचं पान आठवलं, ज्यात कुणी काही मागत नाही. पट्टी आली की मागणी येते. टोपली आली की पोट येतं. मी आधी पट्ट्या काढल्या, मग टोपली, मग आत्या. ती गेल्यावर कडं उरलं, आणि कड्याला कुणीतरी हवं होतं, म्हणून ते मी टिटवीला देऊन टाकलं. वाक्य जमलं तेव्हा मी आनंदाने उठून उभी राहिले होते.

लेख छापून आला. संपादकांनी पत्र पाठवून अभिनंदन केलं. मराठीच्या सरांनी वर्गात तो वाचून दाखवला, आणि ज्यांनी मला पत्रकवाली म्हटलं होतं ते गप्प बसले. वडिलांनी अंक दिव्याजवळ धरून दोनदा वाचला. छपाई पाहिली, एक उलटा खिळा दाखवला. मग म्हणाले, "याच्यात आत्या कुठी हाये?"

मी म्हटलं, बाबा, साहित्यात तसं नसतं.

त्यांनी अंक घडी घातला. चुलीजवळ ठेवला नाही, एवढंच. कोनाड्यातही ठेवला नाही.

त्या उन्हाळ्यात तुम्ही यायला लागलात. आत्याला पहिल्यांदा गंमत वाटली. सतरंजीवाले आले म्हणायची. माझ्या भाचीने आपल्या तलावाचं पुस्तकात छापलं, असं ती गावात सांगत होती. तिला वाचता येत नाही आणि वस्तीत ज्या दोघा-तिघांना येत होतं त्यांना तो अंक मिळाला नव्हता. तुमच्यापैकी कुणीच तिला वाचून दाखवला नाही. पण सगळ्या वस्तीने धरून चाललं होतं की आपल्या पोरीने छापलंय म्हणजे आपल्या बाजूचंच असणार. आमच्या लोकांनी त्याआधी जे जे छापील कागद हातात घेतले होते, ते आपल्या बाजूचेच होते. दुसऱ्या बाजूचे कागद त्यांना कुणी वाचायला दिले नव्हते; ते नुसते अंगठ्याला आले होते.

पुढच्या दिवाळीत दवंडी झाली. यापुढे गाळाची जमीन नुसती पेरता येणार नाही. तहसिलीत अर्ज करायचा, आधीची वहिवाट दाखवायची, साहेब येऊन पाहतील आणि तीन सालांचा भाडेपट्टा देतील. काठाला लागून गावातल्या मोठ्या बागायतदाराचं रान आहे, पाण्यावर त्याचं इंजिन बसलेलं आहे. त्याने सगळा काठ एकत्र मागितला. जमीन पडीक आहे, कुणी वाहत नाही, असं त्याच्या अर्जात होतं.

आत्या स्वतः मलकापूरला आली, वस्तीतल्या दोघी बायकांना घेऊन, मालट्रकच्या मागे बसून. चहा पिऊन झाल्यावर तिने पदर सावरला आणि तो अंक मागितला. अर्जाला लावायचा म्हणाली. पुरावा पाहिजे म्हणतात, आणि याच्यापेक्षा मोठा पुरावा कोणाकडे आहे? सोबतच्या एका बाईने मान हलवून म्हटलं, "छापेल हाये, बाप्पा. छापेलले कोण नाही म्हणते?"

वडील माझ्याकडे पाहत होते. ते माझं होतं, मी बोलायचं होतं.

मला तेव्हाच सांगता आलं असतं: आत्या, त्यात तू नाहीस. ते घेऊन जाऊ नकोस. ती दोघी बायकांना घेऊन मालट्रकमधून आली होती, आणि माझ्या लेखाकडे बोट दाखवून त्यांच्यासमोर फुशारली होती. मला ते आवडलं. खोटं का बोलू? ती माझी सगळ्यात मोठी वाचक वाटली, न वाचलेली. मी मनाशी म्हटलं, साहेब कशाला वाचतोय? अंक नुसता नत्थीला राहील. आणि मी ट्रंकेतून अंक काढून तिच्या हातात दिला. तिने तो लुगड्याच्या ओच्यात बांधला.

साहेब वाचत होते. सगळ्या जिल्ह्यात वसंताचे लेख आवडीने वाचणारा एक साहेब असेल, तर तोच आमच्या काठावर आला.

माघात तपासणी झाली. मी त्या दिवशी तिथे होते. पाणी मागे सरकलं होतं आणि गेल्या सालची कडी पुन्हा वर आली होती, गाळाने माखलेली, पण जशीच्या तशी. नवी पेरणी कुणी केली नव्हती; पट्टा मिळाल्याशिवाय कुणी बी टाकू नये, असं चौकीदाराने बजावलं होतं. म्हणजे काठ पडीक आहे असं म्हणायला दिवाळीपासूनच तो पडीक करून ठेवला होता. साहेब चक्रवाकासारखे चालत आले. बरोबर कारकून, बागायतदार आणि त्याचा दिवाणजी. साहेब सभ्य होते. आत्याला बाई म्हणाले. बाई, तुमची वहिवाट कशी ओळखायची?

आत्याने वाकडी सावर दाखवली. तिथून रेघ दाखवली. साहेबांनी झाडाकडे पाहिलं, झाड कुणाचं नाही म्हणाले. तेव्हा ती त्यांना खाली घेऊन गेली, वाकली आणि पदराच्या टोकाने एकेक खडा पुसला. कडं पांढरं झालं.

"साहेब, हे गेल्या सालचं कडं म्या मांडेल हाये," ती म्हणाली. "पेरेल नसतं त मांडलं असतं काऊन?"

साहेब हसले. वाईट हसले नाहीत. आवडलेली गोष्ट भेटल्यावर हसतात तसे. त्यांनी कारकुनाकडून फाइल घेतली, तिच्यातून माझा अंक काढला, तिनेच लावलेला, आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. चांगलं वाचत होते. निर्जन काठ. माणसाचं पाऊल उमटत नाही. टिटवीने स्वतःच. मातीने मातीसाठी घातलेली रांगोळी. वाचून झाल्यावर त्यांनी आत्याला समजावलं, बाई, हे पक्षी करतात, आणि हा पुरावा तुम्हीच जोडलेला आहे.

दिवाणजी मोठ्याने हसला. म्हणाला, म्हातारे, आता टिटवीच्या नावानं पट्टा करा लागते.

मी पुढे झाले. म्हटलं, हे मी लिहिलंय आणि ते खोटं आहे. गाळात खडे नसतात, इथे कुठेही उकरून पाहा, एक खडा सापडला तर मला सांगा. हे वरून माणसाच्या हाताने आलेत. साहेबांना लेखिका भेटल्याचा आनंद झाला होता. तो हळूहळू मावळला.

"म्हणजे तुमचं छापलेलं खरं धरू," त्यांनी विचारलं, "की तोंडी?"

"तोंडी."

"मग छापलंत कशाला?"

त्यांनी उकरून पाहिलं नाही. बूट नवे होते. कारकुनाने लिहून घेतलं की अर्जदाराच्या नातलगाने आपलं विधान जागेवर फिरवलं.

ते वर चढून गेले. वस्तीतली माणसं एकेक करून त्यांच्या मागे गेली, काही सांगत, हात जोडत. आत्या कड्याजवळच बसून राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. तिला खरोखरच कळत नव्हतं.

"मी दिसत नव्हती का वं तुले?" तिने विचारलं.

पाण्यावर शेकाट्या होत्या. पळसावर भोरड्या होत्या. मला त्या दिवशी त्यांची शिसारी आली, आणि त्यांचा काही दोष नाही हे माहीत असूनही ती अजून गेलेली नाही.

पट्टा बागायतदाराला मिळाला. अकरा पट्ट्यांची एक झाली. लोखंडी नांगर फिरला आणि कडी उलथली. आत्या आता त्याच गाळात त्याच्या टरबुजांना निंदायला जाते, सावरीच्या रेघेवरच कित्येकदा हात येतो, म्हणते. त्या वर्षी दोन टिटव्या नांगराच्या मागे तीन दिवस किंचाळत फिरल्या. कुणी वर पाहिलं नाही.

मी साप्ताहिकाकडे चूक दुरुस्त करणारं पत्र पाठवलं. संपादकांनी ते सविनय परत केलं. सौंदर्याला शुद्धिपत्र नसतं, असं त्यांनी कळवलं. मग मी पत्रक लिहिलं. आयुष्यातलं पहिलं. वडिलांनी सुटीच्या दिवशी छापखान्यात जाऊन स्वतः खिळे जुळवले. त्यात एकही उपमा नव्हती. अकरा घरं, अकरा पट्ट्या, कुणाची खूण कोणती, आणि कडी कुणी मांडली. पहिला कागद यंत्रातून निघाला तो त्यांनी ओला असतानाच घरी आणला आणि कोनाड्यात ठेवला. मी तो आत्याला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकलं, मग आपली पट्टी कोणती त्या ओळीवर बोट ठेवायला सांगितलं. मी तिचं बोट धरून ठेवलं. ती म्हणाली, हे लावाचं होतं अर्जाले.

हो. हे लावायचं होतं.

तो तीन सालांचा पट्टा यंदा संपतो आहे. पुन्हा अर्ज निघाले आहेत. अकरा घरांनी पुन्हा अर्ज केले आहेत, आणि त्यांच्या फाइलीत तो अंक अजून पहिल्याच कागदाच्या खाली आहे. तो काढता येत नाही, एकदा लागलेला कागद काढत नाहीत असं आम्हाला सांगण्यात आलं. माझ्या शब्दाला तिथे किंमत नाही. मी एकदा खोटं छापलेलं आहे. पत्रक आमचंच, म्हणून तेही धरत नाहीत. साक्ष बाहेरच्या माणसाची पाहिजे.

बाहेरची माणसं तुम्ही आहात. तुम्ही आला होतात. पाडव्यानंतरच्या त्या चैत्र-वैशाखात तुम्ही त्या काठावर बसला होतात, आणि तुमच्यासमोर अकरा पट्ट्यांत टरबुजं पिकली होती. तुम्ही ती पाहिलीत, खाल्लीत. बाईने पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा तुम्ही हात ओला केलात. तुमचं माझ्या लेखावर प्रेम होतं असं तुम्ही लिहिलं होतंत. ते प्रेम मला नको आहे. मला तुमची एक ओळ पाहिजे.

आजच बसा. साध्या कागदावर लिहा: मी त्या उन्हाळ्यात त्या तलावाच्या काठावर गेलो होतो, तिथे माणसं गाळात पेरत होती, एका बाईने आपल्या पट्टीतलं टरबूज मला कापून दिलं. खाली स्वतःचं नाव आणि गाव लिहा, आणि साहेब पुन्हा काठावर उतरण्याआधी तो कागद तहसिलीत नेऊन द्या. भोरड्या, शेकाट्या, पळस यांतलं काही लिहू नका. ते माझ्या लेखात भरपूर आहे.